पाय नसलेला सांगाडा

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे एकमेकांत मिसळून गेले. कलम आठवतं, चेहरा आठवत नाही. घोडकाठच्या त्या सांगाड्याचं मात्र तसं झालेलं नाही.

मी तेव्हा शिरूर तालुक्यात नेमणुकीला होतो. घोड नदीकाठच्या एका गावात पाइपलाइनसाठी चर खणताना जेसीबीला मानवी हाडं लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा चालक लांब बांधावर बसून होता. "साब, मैंने हाथ नहीं लगाया," एवढंच तो सारखं सांगत होता.

गावातले वयस्क आबा मात्र निवांत होते. "ही जुनी माणसं हायत, साहेब. नांगराला लागत्यात. आम्ही नारळ फोडतो आन् माती लोटतो. तुम्हाला बोलावलं ते ह्या भय्यानं."

आबांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. या पट्ट्यात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती उत्खननात सापडलेली आहे. ते लोक मृताला घरातच पुरत आणि त्याचे पाय घोट्यातून तोडत. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असं अभ्यासक सांगतात. गावातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. आमच्या सांगाड्याचं डोकं उत्तरेला होतं, अंगावर कापड नव्हतं, आणि दोन्ही पाय घोट्यापासून नव्हते. काळ्या मातीने हाडांचा रंगही बदललेला. पंचनामा केला, वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवलं आणि रीतसर पत्र देऊन हाडं पुण्याच्या अभ्यासकांकडे पाठवली.

तिथे जुन्या हाडांतला डीएनए वाचणाऱ्या एक बाई होत्या. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"साहेब, हा माणूस माझ्या उपयोगाचा नाही. तुमच्या आहे."

मी समजावून घ्यायला पुण्याला गेलो. त्यांनी सांगितलं ते असं. फार जुन्या हाडातल्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे होतात आणि तुकड्यांची टोकं एका ठराविक पद्धतीने खराब होतात. पूर्वी असे तुकडे वाचताच येत नसत. आताची यंत्रं लाखो तुकडे एकाच वेळी वाचतात, म्हणून तर हजारो वर्षांपूर्वीची माणसं कोण होती, कुठून आली, यावर संशोधन होऊ लागलं. आमच्या हाडातले तुकडे मात्र लांब होते आणि टोकं बरीचशी शाबूत. हा तरुण पुरुष काही वर्षांपूर्वीच गेलेला होता.

म्हणजे पाय अलीकडे कुणीतरी तोडले होते. खुनाचा गुन्हा दाखल झाला.

मी कामं कागदावर मांडून घेतली. पहिलं काम, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतल्या हरवलेल्या तरुणांच्या नोंदी. त्यातली एक दौंडमधल्या राहू गावची होती. रांजणगावच्या कारखान्यात जाणारा मुलगा, चार वर्षांपूर्वी पाळी संपवून घरी परतला नाही. त्याची आई दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्यात येऊन चौकशी करून जायची. मुलाचा एक मित्र तिला सांगायचा, "तो गुजरातला हाय, मला फोन येतो त्याचा." त्यावर ती जगत होती.

न्यायालयात सरकारी प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो, म्हणून तिचा नमुना रीतसर घेतला. गालाच्या आतून कापूस फिरवून झाल्यावर तिने विचारलं, "म्हंजी जुळलं तर तो गेला. आन् न्हाई जुळलं तर हाय?"

"तसं म्हणता येईल, मावशी."

"मग मी काय मागू, साहेब?"

सोबतची महिला हवालदार तिला चहा द्यायला बाहेर घेऊन गेली.

नमुना जुळला. सांगायला मी स्वतः राहूला गेलो. तिने ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "मग फोन कुणाचा येत होता?"

तो मित्र आमच्याच घोडकाठच्या गावचा होता. सांगाडा निघाला ते शेत त्याचं, आणि शेजाऱ्याच्या पाइपलाइनची चर त्यातून न्यायला हरकत घेणाराही तोच. पाहुण्यांना उत्खननाचं जुनं टेकाड दाखवत हिंडायची त्याला हौस होती. चौकशीत तो खुर्चीत ऐसपैस बसला.

"साहेब, पाय तोडायची रीत सगळ्या गावाला माहिती हाय. मलाच का धरता?"

"राहूच्या पोराला इथं आणणारा तू एकटाच. कंपनीच्या बसमधले सांगतात."

"आन् चार वर्षांनी हाडावरनं काय कळतंय?"

मी अहवाल त्याच्यासमोर ठेवला. "त्याची आई कळली."

त्याने तो वाचला, परत वाचला आणि पाणी मागितलं. कंपनीत कामगार पुरवायचा ठेका राहूच्या पोराला मिळाला होता. त्यावरून शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ भांडण झालं, याने पहार मारली. मग टेकाडावरचं ज्ञान वापरलं. कुणाला सापडलाच तर गाव नारळ फोडून माती लोटेल, हा त्याचा हिशेब होता. जेसीबीचा चालक परगावचा निघेल हे त्याने धरलं नव्हतं.

अवशेष न्यायला आईला बोलावलं तेव्हा तिने पेटी उघडून पाहिली आणि मागे सरकली. "अर्धा पोरगा घरी कसा न्यू? पाय आणा."

आरोपीने पंचांसमोर जागा दाखवली. बांधाच्या कडेला, हातभर खोल. कंपनीचे सेफ्टी बूट होते, लेस बांधलेल्या, आत हाडं. तीही तपासून घेतली, मुद्देमाल सोडवण्याची परवानगी मिळवली, आणि त्याला बराच काळ गेला.

या तपासाने माझी एक सवय बदलली. गाव एकमुखाने जे सांगतं ते मी लिहून घेतो, पण गुन्हेगारही त्याच गावात वाढलेला असतो हे शेजारी लिहून ठेवतो. विज्ञानाबद्दलही एक कळलं. जुन्या माणसांचा शोध घेणाऱ्यांनी तयार केलेली पद्धत होती. तिने राहूच्या एका घराला उत्तर दिलं. उत्तर वाईट होतं, तरी ते त्या आईचं होतं. चार वर्षं ती दुसऱ्याच्या खोट्यावर जगली होती.

दुसऱ्यांदा ती भावाला घेऊन आली. पेटीत सगळं नीट मांडलेलं तिने पाहिलं. सही केली. भाऊ पेटी उचलायला वाकला तर त्याला थांबवलं आणि एक बाजू स्वतः धरली.

"आता पुरा हाय," ती म्हणाली. "चल."