वेंधळेपणा कमी करावा

माझं अक्षर सुंदर आहे आणि मला त्याचा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. देगलूरच्या शाळेत मी गणित शिकवते. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात सहावी, सातवी, आठवी अशी तीन वर्षं मी त्याच वळणदार अक्षरात एकच शेरा लिहिला, 'वेंधळेपणा कमी करावा.' जणू ते भाजीतलं मीठ होतं.

तिनं कंपास धरला की वर्तुळाचा बटाटा व्हायचा. तोंडी विचारलं तर मात्र सगळं धडाधड सांगायची. म्हणजे पोरगी आळशी, असा निकाल मी देऊन मोकळी झाले होते.

आठवीच्या शेवटी, प्रगतिपुस्तकं लिहून झाल्यावर, एक विशेष शिक्षिका डॉक्टरांचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिला डिस्प्रॅक्सिया आहे. डोक्यातलं हाताला नीट करता येत नाही. वेळ जास्त द्या, कंपासचा हट्ट सोडा." मी तो शब्द म्हणायला गेले आणि दोनदा अडखळले.

"सावकाश म्हना मॅडम," मुलगीच म्हणाली. "डिस्-प्रॅक्-सिया."

निकालाच्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिनं तिन्ही वर्षांची प्रगतिपुस्तकं माझ्यापुढं ठेवली.

"दुकानात बसवलं तर बांगड्या फोडती, शाळेत बसवलं तर हे असं. नववीला कशाला घालू मॅडम? तुमीच लिवलंय की तीनदा."

माझ्या सुंदर अक्षरानं पोरीची शाळा सुटायला निघाली होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"एक वर्तुळ काढ," मी मुलीवर खेकसले. "कशानंही काढ!"

"अम्मी, कडं दे," ती म्हणाली. आईनं हातातलं कडं काढून पातळ कागदावर घट्ट दाबून धरलं, मुलीनं त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली. चांगलं गोल वर्तुळ निघालं.

"आणि केंद्र?" माझी मास्तरकी काही सुटेना.

"कागद दुमडा, वर्तुळाच्या काठावर काठ येऊ द्या. मग दुसऱ्या बाजूनं दुमडा. दोन घड्या एकमेकींना कापतील तिथं केंद्र. माझ्या हातानं सरळ व्हायचं न्हाई, तुमी करा."

मी कागद उजेडाला धरून दुमडला. घडी तिरकी गेली. आई ओढणीआड हसली.

"परत करा मॅडम," मुलगी म्हणाली. "वेळ हाय."

तीन वर्षांत मी तिला हे एकदाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला केंद्र सापडलं. मी लाल पेनानं तिन्ही शेरे खोडले आणि शेवटच्याखाली लिहिलं, 'नववीत पाठवावे.' उभ्या-उभ्याच लिहिलं, अक्षर अगदी गिचमिड आलं. आईनं ते दोनदा वाचलं.

"हाव," ती म्हणाली. "पाठवते."