हिस्ट्रिऑनिक्स या शब्दाचा अर्थ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नसताना एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

इंटरच्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि हजेरी कमी पडली. परीक्षेला बसू द्यावे, अशी विनंती करायला अण्णा, म्हणजे माझे वडील, शिवाजीनगरातले शिलाईचे दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर प्रिन्सिपलांकडे आले. आमच्यात फार मोठे मागणे असले, की माणूस डोक्यावरचा रुमाल काढून समोरच्याच्या पायाशी ठेवतो. अण्णांनी तसाच ठेवला. एरवी ते रुमालाशिवाय दाराबाहेरही पडत नसत.

प्रिन्सिपलांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "नो हिस्ट्रिऑनिक्स, प्लीज."

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारले, "काय म्हणाले रे? सरी म्हणाले? हो म्हणाले ना?"

"मला कळलं नाही, अण्णा."

"मग कॉलेजात जाऊन शिकतोस तरी काय?" अण्णा हसले. काम झाले, असेच त्यांना वाटत होते.

लायब्ररीतल्या डिक्शनरीत अर्थ सापडला: लोकांवर छाप पाडण्यासाठी केलेला नाटकीपणा. पुढे वर्तमानपत्रात पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दल तो शब्द वाचला, तिथे तो शोभत होता. अण्णांना मात्र मी अर्थ कधीच सांगितला नाही.

मला परीक्षेला बसू दिले नाही. निकाल लागल्यावर एका वर्गमित्राकडून कळले, की माझ्याहूनही कमी हजेरी असलेल्या एका वकिलाच्या मुलाला परवानगी मिळाली होती. त्याचे वडील प्रिन्सिपलांशी कॉफी पिता पिता इंग्रजीत बोलले होते.