तिसऱ्या मजल्याची घडी

पेपरवाल्या काकांना अख्खी गल्ली 'नेमबाज' म्हणायची आणि स्वारी त्या नावावर भलतीच खूश असायची. तीस वर्षं सायकलवरून न उतरता पेपर फेकले, पण एक काच फुटली असेल तर शपथ! तिसऱ्या मजल्यावर पेपर पोचवणं म्हणजे काही खायचं काम नाही. घडी सैल असली की ती हवेत उघडते, वारा तिला अडवतो आणि ती तिथल्या तिथे गिरक्या घेत बसते. गठ्ठा जाड असला तर हातातून वेगच निघत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्याच्या पेपरातली पुरवणी काढून नेमबाज ती जिन्याखालच्या पेटीत टाकायचे.

यावरून तिथल्या निवृत्त मास्तरांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "शब्दकोडं पुरवणीतच असतं! वर आणून द्यायला पाय झिजतात का?" मास्तर गॅलरीतून ओरडायचे. काल तर त्यांनी शेवटचं बजावलं, "उद्या पुरवणी आली नाही तर पेपर बंद!"

"करा की बंद! माझं काय अडलंय?" नेमबाजही पेटले होते.

आज सकाळी सायकल वळली तर इमारतीखाली ही गर्दी! वर मास्तर गॅलरीच्या कठड्यावर वाकून धापा टाकत होते. दम्याचा पंप संपला म्हणून सून नवा आणायला खाली आली, मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि कुलूप असं अडकलं की आतूनही उघडेना, बाहेरूनही. सुताराला निरोप गेला होता, पण तोवर मास्तरांनी धीर कसा धरायचा?

सुनेने पिशवीत घालून पंप फेकला. पिशवीत हवा भरली, अर्ध्यातूनच ती तरंगत परत आली. मग तळमजल्यावरच्या शिंप्याने नुसता पंप भिरकावला. एवढासा जीव त्याचा! वाऱ्याने तिरका झाला, भिंतीवर आपटला आणि त्याचं झाकण उडालं.

"आता नका हो फेकू! दुकानात एवढा एकच होता," सून रडकुंडीला आली.

"इकडे दे, पोरी," म्हणत नेमबाज सायकलवरून उतरले. धाबं त्यांचंही दणाणलं होतं. पण या गॅलरीसाठी किती वजन लागतं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं, रोजच्या पेपराएवढं. पंपाचं वजन वाढणार, तर तेवढी पानं कमी करायला हवीत. त्यांनी मास्तरांच्या पेपरातली मधली दोन पानं काढली, तळहातावर अंदाज घेतला, आणखी एक काढलं. पंप मधोमध ठेवून करकचून गुंडाळी केली, टोकं आत खोचली, दोन रबरबँड चढवले.

"मास्तर, मागे व्हा!"

गुंडाळी सरळ वर गेली, कठड्यावरून आत पडली. टरटर कागद फाटल्याचा आवाज आला. सगळे माना वर करून थांबले. सुनेने नेमबाजांचा दंड घट्ट धरला होता.

"अहो," वरून घोगरा आवाज आला, "मधली पानं कुठायत?"

सगळी गल्ली हसली. सून हसता हसता रडायला लागली. नेमबाजांच्या जिवात जीव आला आणि ते मटकन पायरीवरच बसले. डोळे पुसले, हेही कबूल करायला हवं.

मग ते उठले. सायकलच्या पिशवीतली पुरवणी आणि ती तीन पानं घेऊन, तीस वर्षांत पहिल्यांदाच, तो जिना चढले. दार अजून बंदच होतं. खाली वाकून त्यांनी दाराखालच्या कागदापुरत्या फटीतून सगळं आत सरकवलं.

"मास्तर, सुतार येईपर्यंत कोडं सोडवा. मी इथेच बसलोय."