पहिला नट दाजींचा

ताईचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मंगल, तुझे दाजी गेले गं," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं? जीप घेऊन?" खरंच असं विचारलं मी. दाजी गेले म्हणजे जीप घेऊन गेले आणि आता कुठल्यातरी फाट्यावर बॉनेट उघडून उभे असतील, असाच त्या शब्दांचा आमच्या घरात इतकी वर्षं अर्थ होता.  ताई म्हणाली, "न्हाई गं... जीप दारातच हाय." तेव्हा कुठे मला कळलं आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसले.

आता त्याला काही आठवडे झाले. रडून झालं आहे. माझ्या बहिणीचे यजमान, पुसेगावच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, गावाचे 'ड्रॉइंग सर', माझे दाजी. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही. मेहुणी म्हणून त्यांची थट्टा करायचा मला हक्कच होता आणि तो मी एक दिवसही वाया घालवला नाही. त्यांनीही कधी वाया घालवू दिला नाही.

जीप आली नव्वदच्या दशकात. हिंगोली तेव्हा जिल्ह्याचं गाव झालेलं नव्हतं, कागदपत्रांसाठी परभणीला जावं लागे. जीप जुनी होती, किती जुनी ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. ती दारात उभी राहिली त्याच दिवशी नवरा-बायकोत वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. ताईचं म्हणणं साधं होतं. गाडी बिघडली की मेकॅनिककडे न्यायची, त्याला त्याचे पैसे द्यायचे आणि आपण स्वच्छ कपड्यांत घरी यायचं. दाजींना हे पटायचंच नाही. "जी वस्तू आपण एकदा बी खोलून पाह्यली न्हाई, ती आपली कशी म्हनावं?" ते विचारायचे. "मग माझं डोकं बी खोलून पाहा एकदा," ताई म्हणायची. "ते कशाला? ते बराबर चालून राहिलंय," असं म्हणून दाजी पान्यांची पिशवी घेऊन अंगणात जायचे.

पहिल्यांदा त्यांनी इंजिन उघडलं तेव्हा मी तिथेच होते. पहिला नट त्यांनी जीव खाऊन फिरवला आणि तो आणखी घट्ट बसला. उलटा फिरवायचा असतो हे लक्षात आल्यावर पुढचं काम भराभर झालं. चादरीवर नट-बोल्टांची रांग लागली. कुठला कुठे बसवायचा हे विसरू नये म्हणून त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल अशी युक्ती काढली. शाळेतल्या रंगांच्या बाटल्या आणल्या आणि ब्रशने एकेका नटावर ठिपका दिला. वरच्या झाकणाचे पिवळे, बाजूचे निळे, असं सगळं ठरवून. मग हात धुऊन समाधानाने जेवायला बसले. इकडे ताई परसात भांडी घासायला बसली होती. नवऱ्याने एवढी मेहनत केलेली, आपलाही हातभार लागावा म्हणून तिने ते सगळे नट-बोल्ट घमेल्यात घेतले आणि राखेने लख्ख घासून, धुऊन, चादरीवर वाळत घातले. रंग पाण्याचे होते. दाजी जेवून बाहेर आले तेव्हा नट चांदीसारखे चमकत होते आणि सगळे सारखेच दिसत होते.

त्या दिवशी युसूफभाई आमच्या घरात आले ते कायमचे. हिंगोलीच्या रस्त्याला त्यांचं गाडीदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस मोठा बोलका आणि स्वतःच्या कामावर स्वतःच खूश असणारा. चादर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, ह्ये कायकू केलं तुमी? मला बोलवायचं ना!" दाजी म्हणाले, "खोलायला कशाला बोलवायचं? खोलता तर मला येतंय." यावर युसूफभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळपर्यंत जीप जोडून झाली आणि चहा पिताना दोघांचा करार ठरला: खोलायचं दाजींनी, बसवायचं युसूफभाईंनी. "तुमचा पहिला नट निघाल्याबिगर मी पान्याला हात लावनार न्हाई," युसूफभाईंनी जाहीर केलं. कुणाचाच मान जाणार नाही आणि जीपही चालेल, असा हा करार. ताईला तो मुळीच आवडला नाही, कारण तिच्या मते यात खर्च मेकॅनिकचा आणि कपडे तेलकट नवऱ्याचे, असं दोन्हीकडून नुकसान होतं. दाजींनी मात्र एक सुधारणा केली. पाण्याचे रंग सोडून ते ऑइलपेंटवर आले.

माझं लग्न ठरलं तेव्हा दाजींनी शब्द दिला की माझी पाठवणी त्यांच्याच जीपमधून होईल. सासर जवळा बाजाराच्या पलीकडे. ताई म्हणाली, "भाड्यानं गाडी करा, लेकराला भर उन्हात ढकलायला लावू नका." दाजींनी आठवडाभर आधी इंजिन खोललं, लांब बोल्टांना लाल आणि नखभरच आखूड असलेल्या बोल्टांना हिरवा रंग दिला, युसूफभाईंनी बसवलं. लग्न साखऱ्याला, आमच्या माहेरच्या दारात झालं. निघताना दाजी गाडी चालवायला, शेजारी माझे यजमान, मागे मी, पाठराखीण म्हणून ताई आणि पाहुणे म्हणून आलेले युसूफभाई. जवळा बाजारात पोचलो तर आठवडी बाजार ऐन भरात, आणि त्या गर्दीच्या मधोमध बॉनेटमधून धूर निघाला. इंजिनातून तेल गळत होतं. यजमान आपल्या मित्रांना शोधायला गेले, ताई पाणी आणायला गेली, आणि मी मुंडावळ्या बांधून जीपमध्ये बसून राहिले. शेजारी मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या मावशींनी मला खायला काकडी दिली. नवरी असून मी ती सगळी खाल्ली.

पुढे बॉनेटपाशी दोघांची जुंपली होती. "लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी बसवलाय तुमी! झाकण बसंल कसं?" दाजी म्हणत होते. "म्या बराबर बसवलं, तुमीच घोटाळा केला," युसूफभाई. दाजींनी एक बोल्ट वर धरला. "ह्यो लाल. आन् ह्यो हिरवा. दिसत न्हाई व्हय?" युसूफभाई म्हणाले, "दोनी एकच तर हाय!"  मग दाजी मावशींच्या ढिगाकडे आले, त्यात लाल आणि हिरवी मिरची मिसळलेली होती, त्यातल्या सारख्याच आकाराच्या दोन, एक लाल एक हिरवी, उचलल्या आणि युसूफभाईंसमोर धरल्या. अगदी हळू विचारलं, "यातली लाल कोनती?" युसूफभाईंनी बराच वेळ पाहिलं आणि हिरवीवर बोट ठेवलं.

इतका बोलका माणूस, पण त्याचं तोंड एवढंसं झालं. "सर, कुनाला सांगू नका," ते म्हणाले. "वायरी बी लाल-हिरव्याच असत्यात. मी बोटानं माग काढत जातो, आजवर एक बी चुकली न्हाई... पन लोकाला कळलं तर गाडी कोन देईल मला?" तेवढ्यात ताई कळशी घेऊन आली, मागून यजमान आणि त्यांचे चार मित्र. "काय झालं? कुनाची चूक?" ताईने विचारलं. ज्या माणसाने आपल्या हाताच्या कामावर कधी कुणाला बोट ठेवू दिलं नव्हतं, तो माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "माझीच. रंग उलटे लावले म्या."

ताईने मग त्यांना बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. "तरी सांगत होते! चित्रकलेचा मास्तर आन् रंग उलटे!" सगळा बाजार हसला. दाजीही हसले. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि पुटपुटले, "मेहुणीबाई, तुमी काही पाह्यलं न्हाई." मी मान डोलावली. बोल्ट अदलाबदल करून बसवले, जीप सुरू झाली आणि मी सासरी वेळेत पोचले. सासूबाईंना मात्र मी तेलाच्या वासाचीच सून म्हणून आठवते.

पुढची सगळी वर्षं 'उलट्या रंगाचे सर' हा ताईचा ठेवणीतला टोमणा झाला. वरणात मीठ जास्त झालं तरी "रंग उलटे लागले वाटतं" म्हणायची. दाजींनी एकदाही तोंड उघडलं नाही. मला कधीकधी राहवायचं नाही, पण त्यांनी नुसतं पाहिलं की मी गप्प बसायची. रंग मात्र त्यांनी बंद केले. ते नट-बोल्टांवर पांढऱ्या रंगाने चित्रं काढू लागले, बारीक ब्रशने, पान, मासा, चांदणी, पतंग. युसूफभाई दर रविवारी यायचे आणि मासा माशाच्या जागी, पतंग पतंगाच्या जागी बसवायचे. पुढे पुढे तर जीपला काही झालेलं नसतानाही दोघे ती खोलायचे. नव्या चकचकीत गाड्या आल्या, लोक म्हणाले विका हिला. दाजी म्हणायचे, "मग रविवारी आमी दोघं काय करावं?"

परवा ताईकडे गेले होते. जीप सुरू होत नव्हती, म्हणून तिने युसूफभाईंना बोलावलं होतं. ते आले, आपली पेटी ठेवली आणि ओट्यावर बसून राहिले. ताई म्हणाली, "बसलात काहून? करा ना सुरू." युसूफभाई म्हणाले, "भाभी, पहिला नट माझा न्हाई." मग जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं, बाजार, मिरच्या, सगळं. "सर त्या दिवशी झूठ बोलले. रंग बराबर होते. मलाच दिसत न्हाई." मी दाजींवर लिहितेय हे त्यांना ताईकडून कळलं होतं, म्हणून माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा बिनधास्त. दुकान आता जावई पाहतो."

 ताईने पदर खोचला, आयुष्यात पहिल्यांदा तिने पाना उचलला आणि वरच्या झाकणाच्या नटाला लावून जोर केला. नट आणखी घट्ट बसला. "भाभी, उलटं फिरवा," युसूफभाई हळूच म्हणाले. "उलटंच फिरवनार," ताई म्हणाली, "आमचं घरच उलट्या रंगाचं हाय." ती हसली आणि पाना उलटा फिरवला. नट निघाला. तिने तो उन्हात धरला. त्यावर पांढऱ्या रंगात एक मिरची काढलेली होती, देठासकट.

ताईने ती मिरची खूप वेळ पाहिली. मग नट पदराने पुसला, या वेळी अगदी हलक्या हाताने, आणि युसूफभाईंच्या तळहातावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "खोललं आमी. बसवा आता."