तांबडीने लीद टाकेपर्यंत

पुण्याजवळच्या मांजरी गावात ज्या रायडिंग स्कूलमध्ये मी घोड्यांचं करते, तिथे लागले तेव्हा मला फक्त लीद उचलायला ठेवलं होतं. शिक्षण सातवीपर्यंत, गाव पार गोंदियाकडे. नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही आलो. कुणी काम दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, एवढंच मला कळत होतं.

तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे सईस आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, की लीद नुसती उचलू नकोस, बघत जा. किती ढीग पडलेत, सुकी आहे का, दाणा अख्खाच बाहेर पडलाय का. मला तेव्हा हसू आलं. पण सवय लागली ती लागलीच. धडधाकट घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो, हे मी झोपेतही सांगेन.

घोड्याला ओकता येत नाही, हेही मामांनीच सांगितलं. आपण जास्त खाल्लं तर ओकून मोकळे होतो. त्याचं आत गेलेलं सगळं पलीकडूनच बाहेर यावं लागतं. मध्ये अडकलं की पोटात कळा सुरू होतात, आणि त्या कळांनी उभा घोडा एका दिवसात जाऊ शकतो. तबेल्यात त्याला कॉलिक म्हणतात आणि तो शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. तो होऊ नये म्हणून चारा बदलायचा तर आठवडाभर थोडा थोडा बदलायचा, दाणा एकदम द्यायचा नाही, पाणी सतत स्वच्छ ठेवायचं, रोज चालवायचं. हे सगळं मला पाठ होतं. तरी झालं ते माझ्याच हातून झालं.

दसऱ्याला आम्ही घोड्यांना आंघोळ घालतो, झेंडूच्या माळा घालतो, आणि आजूबाजूच्या नव्या सोसायट्यांतली माणसं ताटं घेऊन पूजेला येतात. मालकीणबाईंचा, म्हणजे आमच्या मॅडमचा नियम आहे, की नैवेद्य घोड्याच्या ओठाला लावायचा आणि माणसांत वाटून टाकायचा. त्या दिवशी तांबड्या घोडीपाशी मी उभी होते. तबेल्यातली सगळ्यांत शांत घोडी ती. लहान मुलं तिच्यावरच बसायला शिकतात.

तिच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या त्या आमच्या बाई. नारायण पेठेतलं घर सोडून मुलाकडे राहायला आलेल्या, निवृत्त शिक्षिका. मला टायफॉइड झाला तेव्हा या बाईंनी रोज मऊ भात पाठवला होता. माझ्याकडून त्या अजूनही पानभर लिहून घेतात आणि चुकांना लाल गोल करतात. इथे माझं म्हणावं असं माणूस त्याच. त्यांनी घडी घातलेली पोळी तांबडीपुढे धरली, तिने मिटक्या मारत खाल्ली. मग दुसरी, तिसरी. बाई, थोडंच द्या हं, असं मी म्हणाले खरं, पण इतक्या हळू, की माझं मलाच ऐकू आलं नाही. बाईंचं बघून मागच्यांनीही आपापली ताटं पुढे केली. मी त्यांनाही अडवलं नाही. एकीला देऊ दिलं आणि दुसरीला नाही म्हणायचं, ते कुठल्या तोंडाने?

तिच्या पाण्याच्या बादलीत कुणीतरी हळदकुंकू आणि झेंडू टाकला होता. तांबडी दोनदा आली, हुंगून मागे सरली. पूजेचं पाणी सणाच्या दिवशी ओतून कसं द्यायचं, म्हणून मी बादली तशीच ठेवली. पूजेच्या गडबडीत तिला चालवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ठाणात लीद नव्हती. एकही ढीग नाही. गवत तसंच पडलेलं. ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, मध्येच वरचा ओठ उचलत होती. मी कुशीला कान लावला. एरवी आत डाळ शिजत असल्यासारखी गुडगुड चालू असते. आज फार वेळाने एकदा काहीतरी हललं.

मामा बाटलीत तेल आणि ओवा घेऊन आले. त्यांच्या वेळचा उपाय तोच. पण मॅडमनी तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. ते शहरातून निघाले होते आणि त्यांनी बजावलं होतं, तोंडातून काही म्हणजे काही घालायचं नाही, तेल फुप्फुसात गेलं तर घोडी त्यानेच जाईल. चारा काढून घ्या. शांत उभी राहिली तर राहू द्या, लोळायला लागली तर हळूहळू फिरवा. मामांनी बाटली खाली ठेवली. मी दोर धरून तिला फिरवत राहिले. ती दोनदा गुडघे टेकायला गेली, दोनदा मी विनवून उठवली. तिची मान घामाने भिजली होती.

डॉक्टर आले. नाडी मोजली, ओठ उलटून हिरड्यांचा रंग पाहिला, खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून आत हात घातला. मग त्यांनी विचारलं, काल काय खाल्लं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"रोजचंच, जी," मी म्हणाले.

खरं सांगितलं तर काम जाईल, आणि बाईंचं नाव निघेल. दोन्ही भीती एकदमच आल्या. डॉक्टर हातमोजा काढत मॅडमना सांगत होते, की आत कडक गोळा लागतोय, पण रोजचं खाऊन असं व्हायला नको. आतड्याला पीळ पडला असेल तर पोट फाडावं लागेल, गाडीत घालून न्यावं लागेल, आणि या अवस्थेत ती वाटेत टिकेलच असं नाही. मॅडमनी गाडीसाठी फोन काढला. तांबडीने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं होतं. मला राहवेना.

"दहा-बारा पुरणपोळ्या खाल्ल्या तिने. जास्तच असतील. आणि कालपासून पाणी प्यायलेली नाही. चूक माझी आहे."

डॉक्टर हातमोजा गुंडाळत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तूप होतं का वर? नाही, एवढी सरबराई आमच्या घरीसुद्धा होत नाही." मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी फोन खिशात ठेवला.

मग डॉक्टरांनी कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून क्षाराचं पाणी आणि तेल थेट पोटात सोडलं. म्हणाले, एवढं खाऊन पाणी नाही, म्हणजे पीळ नसावा; अडकलेलं भिजून सुटेल अशी आशा आहे. चारपर्यंत वाट बघू. नाही झालं, तर गाडी.

मी तिला दहा पावलं चालवायचे, उभी करायचे, कुशीला कान लावायचे. मॅडम एकदाच जवळ आल्या आणि म्हणाल्या, की पुन्हा मला खोटं सांगितलंस तर ठेवणार नाही. पुन्हा, म्हणजे आज ठेवलं होतं.

साडेतीनच्या सुमाराला तिने शेपूट उचललं. चार गोळ्या पडल्या, सुक्या, तेलाने चकाकणाऱ्या. मामांनी वाकून त्या काठीने फोडून पाहिल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिथेच मातीत बसले.

संध्याकाळी मी बाईंकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग काल का नाही बोललीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

ज्यांनी आपल्याला जेवू घातलं, त्यांचा हात कसा धरायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तसं मी म्हणाले, तर बाई म्हणाल्या, हे उद्या लिहून आण. आणि आत जाऊन त्यांनी माझं ताट वाढलं.

पुढचे आठ दिवस तांबडीला मूठ मूठ ओलं गवत आणि भरपूर पाणी. दाणा बंद. बाई रोज संध्याकाळी फिरायला निघाल्या की तबेल्याच्या फाटकाशी थांबायच्या. आत यायच्या नाहीत, हातात काही नसायचं. येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता तिथूनच विचारायच्या,

"झाली का गं लीद? किती वेळा?"

मी आकडा सांगायचे. आठ म्हटलं त्या दिवशी त्या फाटक ढकलून आत आल्या.