सतराचा पाढा आणि सात मावश्या

आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही. पाहुणे आले की मात्र बोलतो, पण त्याला आम्ही खोटं म्हणत नाही, कौतुक म्हणतो. मी लहान असताना घरी कुणी आलं की आई मला पुढे ढकलायची, काकांना श्लोक म्हणून दाखव, आणि एखादी ओळ चुकली तर जेवताना ऐकून घ्यावं लागायचं. हीच विद्या मी न्यू जर्सीत घेऊन आले, आणि तिच्यापायी माझ्या लेकीची नोकरी हातची जायची वेळ आली.

लेकीला सगळं उशिरा येतं. चालणं उशिरा, बोलणं उशिरा, बुटाची नाडी बांधायला तीन वर्षं लागली. इथे अशा मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत शाळा असते, मग एका जूनमध्ये पिवळी बस दारात यायची बंद होते आणि उरतो सोफा. तिच्यापुढे मात्र एक रस्ता होता. शाळेने तिला एका हॉटेलच्या लाँड्रीत शिकायला पाठवलं होतं. टॉवेलच्या घड्या ती अशा घालते की मला माझ्या घड्यांची लाज वाटावी. पण मशीन मध्येच बंद पडलं किंवा कुणी काही नवीन सांगितलं, की जागच्या जागी थिजते. तिथली मॅनेजर म्हणाली, मी हिला ठेवून घेते, पण बाजूला जॉब कोच हवा, म्हणजे कामावर सोबत राहून शिकवणारं माणूस. तो द्यायचा की नाही ते राज्याचं ऑफिस ठरवणार होतं. त्यासाठी ऑफिसची एक बाई घरी येऊन मुलगी बघून जाणार होती.

बाई मुलगी बघायला येणार म्हटल्यावर मराठी घरात जे होतं ते सगळं झालं. पडदे धुतले. कोथिंबीर वडी झाली. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून नवा ड्रेस आणला. आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका सकाळपासून मदतीला येऊन बसल्या, कारण त्यांनाही बघायचं होतं.

बाईने दारातच बूट काढू का विचारलं आणि नवऱ्याने तिला मनातल्या मनात पास करून टाकलं. मग तिने प्रश्न काढले. आंघोळीला मदत लागते का? छे, हा म्हणाला. अनोळखी जागी गोंधळते का? अजिबात नाही. स्वयंपाक? एकदम एक्सपर्ट. बावीस वर्षं इथे नोकरी केलेला माणूस आहे तो. व्हिसाच्या मुलाखतीपासून दरवर्षीच्या रिव्ह्यूपर्यंत एकच धडा गिरवलाय, येत नाही असं कधी म्हणायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी तरी कुठे कमी होते? लेकीने चहाचा ट्रे आणला, बाईने घोट घेतला, वा म्हणाली, आणि मी सांगितलं की हिनेच केला. साखर मी मापून ठेवली होती. गॅस मी लावला, मीच बंद केला, आणि लेक ट्रे घेऊन बाहेर गेली तेव्हा मी फ्रिजच्या आड ओठांवर बोट ठेवून उभी होते. पुढे नवऱ्याने तिला सतराचा पाढा म्हणायला लावला. तो तिला एका दमात येतो. आठची बस पकडायला किती वाजता उठायचं हे विचारलं, तर ती सांगते, आई उठवते तेव्हा. पण हे त्या बाईने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. जाताना बाईने सोफ्यावरच्या बायका कोण म्हणून विचारलं. लेक एकेकीकडे बोट दाखवून सांगत गेली, ही मावशी, ही मावशी, ही पण मावशी.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कोच नामंजूर. मुलगी घरकामात स्वावलंबी, गणितात उत्तम. शिवाय तिच्या सात मावश्या घरीच राहतात आणि आपल्या संस्कृतीप्रमाणे कुटुंब तिचं सर्व काही बघतं, हे कौतुकास्पद आहे. मी डोक्याला हात लावला. माझी एकुलती एक बहीण नागपूरला आहे आणि ती मला दिवाळीलासुद्धा फोन करत नाही.

लेकीच्या वर्गातल्या एका गोऱ्या मुलाच्या आईला फोन केला. तिच्या मुलाला केव्हाच कोच मिळाला होता. ती म्हणाली, अगं, त्यांना सगळ्यात वाईट दिवस सांगायचा असतो, मी तर पहिल्या प्रश्नालाच रडले. तिला हे तिच्या बहिणीने सांगितलं होतं, बहिणीला कुणा वकील मैत्रिणीने. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हापूसची पेटी कधी येणार ते मिनिटामिनिटाला कळतं, हे मेलं कुणाला ठाऊक नव्हतं. मला फार राग आला, तिचा नाही, पण कुणाचा तेही नीट सांगता येईना.

अपील केलं. नवऱ्याने कंबर कसली, म्हणजे लॅपटॉप उघडला. लेकीला काय काय येत नाही याच्या त्याने अडतीस स्लाइड केल्या, रंगीत आलेखांसकट. मग डायनिंग टेबलावर रिहर्सल सुरू झाली. बाबा विचारणार, नाडी बांधता येते का? लेकीने सांगायचं, नाही. ती आधी हसली, तिला वाटलं गंमत चाललीय. पाचव्या वेळी तिने दोन्ही बूट आणले, टेबलावर ठेवले, बाबांच्या नाकासमोर घट्ट गाठी मारल्या आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही दोघं त्या बुटांकडे बघत बसलो. नवरा म्हणाला, ही स्लाइड काढतो.

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक काळी बाई मुलाला घेऊन बसली होती. तिचाही अर्ज नामंजूर झाला होता. घरी ऑफिसचा माणूस आला तेव्हा ती म्हणे गप्प बसून राहिली, उगाच तोंडून काही वाकडं जायला नको म्हणून. पत्रात आलं, कुटुंबाला रस दिसत नाही. मी तिला आमच्या सात मावश्या सांगितल्या. आम्ही फार बोललो म्हणून नापास, ती बोलली नाही म्हणून नापास. दोघी इतक्या हसलो की काउंटरवरच्या माणसाने वर बघितलं.

आत एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. नवरा लॅपटॉपची वायर लावत होता, तेवढ्यात त्यांनी जुना रिपोर्ट चाळत थेट लेकीलाच विचारलं, तुला चहा करता येतो ना? अठराव्या स्लाइडवर उत्तर होतं, नाही. लेकीने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“येतो,” ती म्हणाली. नवऱ्याने डोळे मिटले. “पण गॅस बंद करायचा राहतो. तेव्हा आईने केला होता. आई फ्रिजमागे लपली होती.”

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“एकटीला जमत नाही,” लेक म्हणाली. “बाजूला कुणी असलं की जमतं.”

लॅपटॉप उघडायची वेळच आली नाही. घरी येताना गाडीत मला स्वतःची शरम वाटत होती. एकदा आम्ही तिला हुशार करून दाखवली, दुसऱ्यांदा बिनकामाची करून दाखवायला निघालो. ती जशी आहे तशी सांगायचं धाडस तिच्या एकटीतच निघालं.

कोच मिळाला. मागितल्यापेक्षा थोडे कमी तास मिळाले, कारण, पत्रात लिहिलं होतं, अर्जदार आपली अडचण स्वतः उत्तम मांडू शकते. त्या पत्रावर मी हसले की चिडले ते आठवत नाही.

पहिल्या दिवशी मीच तिला हॉटेलवर सोडलं. कोच म्हणून एक तरुण मुलगी दारात उभी होती. मी लेकीची बॅग दिली, मग पाण्याची बाटली, मग डबा, मग तिची ओढणी सारखी केली, मग कोचला सांगितलं की मशीनचा बझर वाजला की ही घाबरते, आणि हेच पुन्हा एकदा सांगितलं. लेक माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने त्या मुलीला इंग्रजीत समजावून सांगितलं.

“ही माझी आई. तिला एकटीला जमत नाही.”

दोघी आत गेल्या. दार आपोआप बंद झालं. मी गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ किल्ली हातात धरून तशीच बसून राहिले. बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं.