आकडा नसलेला रुपया

अन्याय झाला तो माझ्या काकीवर. कधी, तेही सांगते: या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, पंधरा-वीस माणसांच्या देखत. घड्याळ मी मुद्दाम पाहिलं. पत्रकं लिहून लिहून तशी सवयच लागली आहे मला: कोणावर, कुठे, किती वाजता. ‘कोणी’ हे लिहायला मात्र या वेळी पंधरा दिवस लागले.

मी राहते डिचोलीला. तिथे आधी खनिजाच्या ट्रकांच्या धुळीविरुद्ध पत्रकं वाटली, मग पाण्यासाठी. नाण्यांचं पत्रक निघालं ते एका जत्रेमुळे. बेळगावकडचा एक गवंडी, आमच्या शेजारच्या बांधकामावरचा, जत्रेतल्या दुकानातून ‘जुना चांदीचा रुपया’ घेऊन आला. बायकोला गळ्यात घालायला. त्याला चुंबक लावलं तर चटकन चिकटलं. तो माणूस हसला, “लोखंडाचा तर लोखंडाचा” म्हणाला, आणि तोंड फिरवून वाळू चाळत बसला. मला संताप आला. दोन रात्रींत पत्रक तयार.

त्यात मी काय लिहिलं होतं ते लपवत नाही. नाणी तपासणाऱ्या कंपन्या असतात. त्या नाणं पाहतात, खरं-खोटं ठरवतात, कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात आणि वर चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर नाण्याच्या अवस्थेला सत्तरपैकी आकडा असतो. माझं तिसरं कलम ठळक अक्षरांत होतं: ‘डबी नाही, आकडा नाही, तर विश्वास नाही!’ मला ते फार आवडलं होतं. पाचशे प्रती. डिचोलीचा बाजार, म्हापसा, आणि काकीला भेटायला गेले तेव्हा पेडण्यातही.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका आता नाही. पूल व्हायच्या आधी तो चोपड्याच्या फेरीबोटीवर कामाला होता. त्याला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे सगळ्या धक्क्याला ठाऊक, म्हणून कोणी काही आणून द्यायचे. एका म्हाताऱ्या मासळीवालीने दिलेला पोर्तुगीज राजाच्या मुंडीचा चांदीचा रुपया त्याने जन्मभर जपला. भोवती वहीचा कागद, कागदावर त्याच्या अक्षरात: ‘चोपडे धक्का. मासळीवाल्या बायने दिला. बदल्यात काही नको म्हणाली.’ रुपया काळानिळा होता, मोराच्या पिसासारखी झाक असलेला. लहानपणी मला तो मळकट वाटायचा.

वाचनालयात गावच्या जुन्या वस्तूंचं काचेचं कपाट करायचं ठरलं. काकीने तो रुपया देऊ केला. देवळाच्या पायरीवर वाचनालयाच्या समितीतलाच कोणीतरी बोलला, “जत्रेतलो असतलो. फेरीबोटवाल्याकडे चांदी खंयची?” हे कानावर आलं तेव्हा काकी भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून मला म्हणाली, “आमच्या ह्येंका खोटे म्हणतत गो. मेलेल्या माणसाक. तुझो कागद सांगता तसा कर. आकडो आण.”

म्हणजे तिने माझं पत्रक वाचलं होतं. मी फुलून गेले. त्याच संध्याकाळी तपासणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी गेले तर काकी पाटावर बसलेली. समोर ताटलीत ठेचलेली बिंबलं, तीच हिरवी आंबट फळं ज्यांनी आमच्याकडे चवथीआधी देवाची तांब्या-पितळेची भांडी लख्ख करतात. शेजारी चुलीची राख. आणि चिमटीत रुपया. चांगला खसखसून घासत होती.

“काकी, हे कशाला?”

“तो परक्या घराक जातलो. असो काळो कसो धाडू? काय म्हणतीत, ह्यांच्या घरात बायलमाणूस आसा की नाय?”

मी हसले. हे मी लिहिलंच पाहिजे: मी हसले आणि तिला म्हटलं, “अजून थोडा घास, कडेला राहिलंय.” मग चकचकीत रुपया हातात धरलेल्या काकीचा फोटो काढला आणि मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. त्याखाली लिहिलं, ‘सत्याच्या परीक्षेला निघालेला रुपया’.

दोन महिन्यांनी डबी आली. चिठ्ठीवर होतं: अस्सल. त्यापुढे: साफ केलेलं. आकड्याची जागा कोरी. मी ‘अस्सल’ एवढंच वाचलं आणि नाचले. काकीने नवं लुगडं नेसलं, केसांत अबोलीची वेणी माळली, आणि आम्ही त्या रविवारी वाचनालयात गेलो.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बँक कॅशियर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डबी उलटसुलट पाहिली. मग शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. माझा कागद.

“बाय, हे तुमचंच ना?”

“माझंच.”

“तिसरं कलम वाचा जरा. मोठ्यान.”

मी वाचलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“मग आकडो खंय?”

“पण अस्सल लिहिलंय ना वर!”

“ते दिसतं आम्हाला. पण तुम्ही लिहिलंय, आकडा नाही तर विश्वास नाही. आम्ही काय वेगळं करतो?”

मागून कोणीतरी म्हणालं, “नंबर नसलेली गाडी पत्रादेवीच्या नाक्यार अडयतत, हो तर रुपयो!” सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. रविवारची सकाळ होती, हसू आलं, हसले. काकी मात्र माझ्याकडे बघत होती.

“आकडो कित्याक नाय दिलो गो?”

मला चिठ्ठी समजावून सांगावी लागली. साफ केलेलं असेल तर आकडा देत नाहीत, काकी. तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. “म्हणजे माज्या हातान?” एवढंच म्हणाली. दहा वाजून चाळीस मिनिटं.

मी ओरडले. कंपनी चोर आहे, समिती लबाड आहे, गरिबाच्या घरची चांदी म्हणून हे चाललंय. बरंच काही बोलले. घरी येऊन कंपनीला फोन लावला, तिथेही तेच सुनावलं. पलीकडची बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, तो काळा थर चांदीचा स्वतःचा असतो. शंभर वर्षांत चढतो. घासला की भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, नाणं धुऊ नका, पुसू नका.”

फॉर्मची मागची बाजू मी वाचली नव्हती. जी मी लोकांना दारोदार सांगत फिरते, न वाचता सही करू नका!  मी फोन ठेवला.

लोक मला आता विचारतात, मग घ्यायचं तरी कुठलं, डबीतलं की सुटं? तर ऐका. देणाऱ्याला ओळखत नसाल, जत्रेत, बाजारात, मोबाइलवर घेत असाल, तर डबीतलं घ्या, आणि डबीवरचा क्रमांक कंपनीकडे पडताळून पाहा, कारण डब्याही बनावट निघतात. पण आकडा फक्त नाण्याच्या अंगावरचे ओरखडे मोजतो. ते धक्क्यावर कोणी कोणाला दिलं, हे मोजायचं काम त्याचं नाहीच. ज्या घराची माणसं तुम्हाला माहीत आहेत, जिथे नाण्याबरोबर कागद आहे, ते नाणं सुटंच ठेवा, काळं असेल तर काळंच राहू द्या. हे सगळं मला पहिल्याच पत्रकात लिहिता आलं असतं. मला घोषणा हवी होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकी म्हणाली, “डबी फोड. उद्या तेका हळदकुंकू लावचा आसा.”

“फोडली तर ‘अस्सल’ची चिठ्ठीही गेली, काकी. काकाला खोटं म्हणणाऱ्यांना दाखवायला तेवढंच आहे.”

 तिने डबीवरच, प्लास्टिकवर, हळदीचं बोट टेकवलं. “ऱ्हवांदे. आदी तेंचा नाव साफ होऊंदे. हे काम तुझा. तुया केलंस, तुयाच निस्तर.”

मी दुसरं पत्रक लिहिलं आणि कॅशियरकाकांकडे नेलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. मग म्हणाले, “पहिलं घराघरांत गेलंय, बाय. लोकांच्या तोंडात ती ओळ बसलीय. समितीत सहा जण आहेत, सहाही ती ओळ म्हणतात. गाव येऊन वेगळं बोललं तर मी रुपया कपाटात ठेवीन. तुम्ही एकट्या बोललात तर नाही.” मला राग आला.

म्हणून हे तिसरं पत्रक तुमच्यासाठी. माझं पहिलं पत्रक तुमच्या घरी असेल तर आत्ता उठा, ते शोधा आणि तिसरं कलम पेनाने खोडा. मग येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात या. चिठ्ठीवरचा ‘अस्सल’ हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, काकाच्या अक्षरातला कागद वाचा, आणि तो रुपया त्या कागदासकट काचेच्या कपाटात ठेवा, असं समितीला उभं राहून, मोठ्याने सांगा.